मेणकुऱ्याचा ठिपका

शनिवार, ११ मे २०२४

डॉक्टर म्हणाले, "भाग्यलक्ष्मीबाई, राग आला की कागदावर काढा, माणसांवर नको. प्रेशर बघा किती झालंय." म्हणून सोसायटीने फुकट वाटलेली ही डायरी. पानं भराभर संपताहेत, माणसं काही सुधारत नाहीत.

आज आधी तर पाववाला पोदेर आला नाही. चहाबरोबर पाव नाही म्हणजे माझं डोकं सकाळीच फिरलेलं. त्यात जाऊबाई आल्या, मोगऱ्याचे कळे मोजायच्या निमित्ताने. उद्या शिरगावला लईराईची जत्रा. आमचे हे धोंड, म्हणजे देवीचे व्रतकरी. व्रत चालू आहे, त्यामुळे घरी जेवण नाही, झोपणं नाही. तळीकडच्या मांडवात बाकीच्या धोंडांबरोबर राहतात, तिथेच हाताने शिजवून खातात, कोणाला शिवत नाहीत. फक्त दिवसा ट्रकवर जातात. खाण इतक्या वर्षांनी सुरू झाली, पाऊस पडला की परत बंद. घरी बसून कसं चालेल?

जाऊबाई म्हणतात, "सोवळ्यात असताना ट्रक चालवलेला चालतो काय गे?" मी म्हटलं, "देवीला चालतो. तुम्हाला का बोचतो?" मग हळूच दुसरा खडा टाकला. "संजनाची काही खबर?" मी म्हटलं, ते नाव ह्या घरात घ्यायचं नाही. एकुलती एक पोरगी. शिकवली, मास्तरीण केली, स्थळ ठरवलं. हिने गेल्या वर्षी त्या मोरजीच्या निहारबरोबर रजिस्ट्रारकडे गुपचूप लग्नाची पहिली सही केली आणि काही दिवसांनी दुसरी सही होऊन लग्न पक्कं झाल्यावर पेढे घेऊन दारात उभी! पहिल्या आणि दुसऱ्या सहीच्या मध्ये हीच पोरगी माझ्या हातचं जेवत होती, माझ्याशी हसत होती. ते मला जन्मात विसरायचं नाही. तिचा नंबर मी त्याच दिवशी माझ्या फोनवर बंद करून टाकला. कुठल्या शाळेत बदली झाली, कुठे राहते, मला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचं नाही.

दुपारी पुरणाला हात घातलेला आणि फोन. अनोळखी नंबर. कापला. परत तोच. परत कापला. कर्ज घ्या, विमा घ्या, मेले जेवूपण देत नाहीत. सगळ्या जगाला माझ्याच हाताला पीठ लागलेलं असताना सुचतं.

सोमवार, १३ मे

हे होमकुंडात उतरले नाहीत.

लग्न झाल्यापासून बघते आहे. ताप असो, कंबर दुखो, हातात वेताची काठी घेऊन निखाऱ्यांवरून गेल्याशिवाय हे घरी आले नाहीत. आणि ह्या वर्षी बाजूला हात जोडून उभे! सगळे धोंड गेले, हे तसेच. आमच्या वाड्यावरच्या बायका माझ्याकडे वळून वळून बघत होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर विचारलं तर म्हणे पायात काटा रुतला. पाय बघायला गेले तर पाय मागे घेतला. चालतात तर ठणठणीत. मी म्हटलं, "देवीसमोर असं करतात? काय म्हणेल ती?" तर म्हणतात, "देवीक हांवें सांगलां." काय सांगितलं ते मला नको का सांगायला? मी कोण, परकी?

वर्तमानपत्रात आलंय की सूर्यावर वादळ झालं आणि लडाखात आभाळ लाल झालं. इथे माझं डोकं लाल झालंय, त्याचा फोटो कोणी छापत नाही.

बुधवार, १५ मे

आज सावकाश लिहिते.

सकाळी बाबली आला. बाबली म्हणजे खाणीच्या ऑफिसात ट्रकांचा सुपरवायझर, गावातलाच. लहानपणी आमच्या परसातले काजू चोरायचा. तो आज दारात उभा राहून सांगतो, "वयनी, सगुणदादाचा ट्रक लिस्टीतून काढला. उद्यापासून नको."

का? तर प्रत्येक ट्रकात जीपीएसचा डबा असतो. ट्रक खाणीवरून निघाला की ऑफिसातल्या पडद्यावर ठिपका चालायला लागतो, जेटीपर्यंत. ठरलेला रस्ता सोडायचा नाही, मध्ये थांबायचं नाही. सरकारचा नियम आहे, आणि इथे मागे काय काय चोऱ्या झाल्या ते बघता मला तो पटतोसुद्धा. तर म्हणे शनिवारी दुपारी ह्यांचा ठिपका भरलेल्या मालासकट रस्ता सोडून मेणकुऱ्याला गेला आणि तिथे तासाहून जास्त थांबला. म्हणे चांगला माल उतरवून हलका माल भरला असणार.

"असणार?" मी म्हटलं. "बाबली, असणार म्हणजे काय? कोणी बघितलं? तुझ्या सगुणदादाने कोणाच्या झाडाचा आंबा उचलला नाही आयुष्यात. तू मात्र काय काय उचललंस ते मी सांगू?" तो खाली मान घालून म्हणाला, "माका कितें सांगता वयनी, डबो सांगता."

आणि हे! जनेलात उभे, बाहेर बघत. बाबली गेल्यावर मी म्हटलं, "अहो, सांगा ना त्याला, गेलो नव्हतो म्हणून!" तर म्हणतात, "सांगून कितें करप? तांका डबो दिसता, मनीस दिसना."

धक्का बसलाय त्यांना. नाहीतर माणूस असं बोलेल?

शुक्रवार, १७ मे

बाजारात मासळीवाली कधी नाही ते म्हणाली, "बाय, आज बांगडो नाका? खंय, घोव घरा बसलो म्हूण?" टोपलीतला बांगडा तिच्याच तोंडावर मारावासा वाटला. चतुर्थीपर्यंत तिच्याकडे पाय ठेवणार नाही.

चोर. हा शब्द कोणी तोंडावर बोलत नाही, पण बोलणं थांबवतात तेव्हा कळतं. वीस माणसांचं कुटुंब आमच्या सासऱ्यांनी ह्याच डिचोलीत मान ताठ ठेवून चालवलं. खाण बंद होती तेव्हा ह्यांनी लोकांच्या बागायतीत नारळ पाडले, पण कोणाकडे हात पसरला नाही. त्या माणसाला चोर! मी सोडणार नाही. माझ्या हाडाची काडं झाली तरी चालतील.

घरातसुद्धा वस्तू पाय फुटल्यासारख्या जाताहेत. मेथीचा डबा अर्धा रिकामा. माझी जुनी लुगड्यासारखी मऊ झालेली निळी सुती साडी, जिची मी गोधडी करणार होते, ती पेटीत नाही. जाऊबाईंना विचारलं तर त्या उलट माझ्यावरच तणतणल्या. मग उंदीर असणार. साडी नेणारा उंदीर बघायचा राहिलाय मला. ह्यांना म्हटलं, पिंजरा लावा. तर हसले. घरावर एवढा डोंगर कोसळलाय आणि माणूस हसतो. दोन दिवस बघते, गोठ्यात उभे राहून फोनवर बोलतात आणि आत येतात ते गुणगुणत. वकील शोधत असतील बहुतेक, मला त्रास नको म्हणून सांगत नाहीत.

रविवार, १९ मे

देव आहे! आज पल्लवी आली, ह्यांच्या बहिणीची मुलगी, विद्यापीठात फिजिक्स शिकते. चहा पिता पिता मी तिला सगळं सांगितलं, रडले, ओरडले. ट्रकाचं ऐकून तिने कप खाली ठेवला. मग सहज म्हणाली, "मामी, शनिवार म्हणजे अकरा तारीख? त्या दिवशी जगभर जीपीएस बिघडलं होतं."

मी पाटावरून उठलेच. "काय म्हणालीस?"

मग तिने समजावलं, आणि मी तिला परत परत सांगायला लावलं, मला पाठ होईपर्यंत. ते असं. सूर्य कधी कधी आपल्या अंगातली वाफ फेकतो, विजेने भरलेले बारीक बारीक कण. पृथ्वीला लोहचुंबकासारखा गुण आहे, तो हे कण अडवतो, पण उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या टोकाकडे ते आत घुसतात. वरच्या विरळ हवेवर आपटतात आणि हवा पेटल्यासारखी हिरवी, लाल दिसते. लडाखातलं लाल आभाळ ते हेच, फार दूरच्या वादळाचा वरचा काठ. पण नुसता रंग दिसून भागत नाही. त्या टोकांकडे एवढी वीज वाहते की वरचा सगळा थर ढवळून निघतो, आणि ते ढवळणं तिथून सुटून आपल्यापर्यंत येतं.

"आपल्या डोक्यावर विमानांच्याही कितीतरी वर विजेने भरलेल्या हवेचा थर आहे," पल्लवी म्हणाली. "सॅटेलाइटचा रेडिओ सिग्नल त्यातून गाळून खाली येतो. थर शांत असला की हिशेब बरोबर. वादळात तो थर कुठे फुगतो, कुठे त्याच्या गाठी होतात. सिग्नल उशिरा पोचतो, वाकतो, मध्येच लुकलुकतो, तुटतोसुद्धा. डब्याला वाटतं सॅटेलाइट लांब आहे. मग तो ठिपका चुकीच्या जागी काढतो. आणि आपण ज्या पट्ट्यात राहतो तिथे हा थर मुळातच जाड असतो, म्हणून आपल्याला जास्त."

बाल्दीत हात घातला की कोपरापासून वाकडा दिसतो, तसंच. हात सरळच असतो! अमेरिकेत म्हणे शेतकऱ्यांचे जीपीएसवरचे ट्रॅक्टर पेरता पेरता उभे राहिले. तिथे ट्रॅक्टर चुकतो तर डिचोलीत ट्रक चुकणार नाही?

मी ह्यांना हाक मारली. हे पेज जेवत होते. "ऐकलंत? सूर्याने केलं! तुम्ही नव्हे!" पेजेची वाटी हातात तशीच राहिली. पल्लवीकडे बघितलं, पल्लवीने ह्यांच्याकडे. "सोडून दी गे भागी," म्हणाले. "पावस येतलो, ट्रक तशेय बंद जातले."

सोडून दी! मी? माझ्या नवऱ्याला सूर्यापासून बाबलीपर्यंत सगळ्यांनी मिळून चोर केलं आणि मी सोडून देऊ?

बुधवार, २२ मे

ऑफिसात गेले. पल्लवीने छापून दिलेले कागद, वर्तमानपत्राची कात्रणं, सगळं पिशवीत. बाबली म्हणाला, "वयनी, सायब ना." मी म्हटलं, साहेब येईपर्यंत मी ह्या कदेलावर बसते, खुर्ची तुमची असली तरी बसणारी मी आहे. दुपारी साहेब आला. तरुण, परगावचा, सभ्य. मी त्याला सूर्यापासून सुरुवात करून सगळं सांगितलं. टोकं, कण, थर, गाठी, ट्रॅक्टर. बाजूचे क्लार्क हसायला लागले. मी एकाला म्हटलं, "हस बाबा. तुझ्या मोबाइलमधला रस्तासुद्धा त्याच थरातून येतो, उद्या तुला नदीत नेईल तेव्हा हस."

साहेब हसला नाही. म्हणाला, "मुद्दा खरा आहे. डबा बसवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला बोलावतो. एकतीसला सगुणना घेऊन या. सगळ्यांसमोर बघू."

जिंकले! येताना मासळीवालीच्या समोरून मुद्दाम सावकाश चालले.

रविवार, २६ मे

पल्लवीचा फोन. आवाज कसातरी. "मामी, त्यादिवशी मी नीट सांगितलं नाही. वादळाने जागा चुकते, पण ती काही मीटर. फार तर पन्नास-शंभर मीटर. किंवा सिग्नलच जातो. मेणकुरे किती लांब आहे. आणि तासभर एकाच जागी..."

"मीटर सरकला तर किलोमीटर सरकायला काय लागतं?" मी म्हटलं. "एवढं मोठं वादळ, लडाखपर्यंत आलं, मेणकुऱ्यापर्यंत येणार नाही?"

"तसं नसतं गे मामी." मग हळूच म्हणाली, "तू मामाला शांतपणे विचारलंस का? शांतपणे?"

काय विचारू? गेला होतात का, असं? बायकोनेच विचारलं तर मग बाबलीत आणि माझ्यात काय फरक? हल्लीच्या मुलांना चार पुस्तकं वाचली की घरच्या माणसावरचा विश्वास उडतो. फोन आपटला.

ह्यांना जेवण जात नाही. मी म्हटलं, घाबरू नका, मी बोलेन, तुम्ही नुसते उभे राहा. "तेंच भंय," म्हणाले. चेष्टा करताहेत, म्हणजे बरं वाटत असणार.

शुक्रवार, ३१ मे

सगळं लिहायचं. एक शब्द गाळायचा नाही.

ऑफिसात साहेब, बाबली, दोन-चार ट्रकवाले, आणि इंजिनिअर लॅपटॉप घेऊन. भिंतीवर पडदा. मी माझं सगळं परत मांडलं, ह्या वेळी कोणी हसलं नाही. इंजिनिअर म्हणाला, "बाई, तुमचं वादळ शंभर टक्के खरं आहे. हे बघा." आणि त्याने अकरा तारखेचे सगळे ट्रक पडद्यावर काढले. एरवी ठिपके म्हणे रस्त्यावर ओळीने असतात. त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सांडलेल्या तांदळासारखे. काही शेतात, काही घरांच्या कौलांवर, एक ट्रक तर चक्क नदीत. मध्ये मध्ये काहीच नाही, सिग्नल तुटलेला. माझी छाती एवढी फुगली. मी बाबलीकडे बघितलं.

"पण बघा," इंजिनिअर म्हणाला, "सगळे रस्त्याच्या आसपासच आहेत. वादळाने हलवलं ते एवढंच, हातभर म्हणा, अंगणभर म्हणा. आता हा सगुण यांचा ट्रक." नकाशा सरकला. डोंगर, काजूची झाडं, एक कौलारू घर. त्या घराभोवती ठिपक्यांचं मोहोळ. काही कौलावर, काही विहिरीजवळ, काही काजूत. "वादळाने ठिपका ह्या घराच्या अंगणात इकडेतिकडे नाचवला. पण वादळाने ट्रक तिथे नेला नाही. ट्रक तिथे होता."

मी म्हटलं, "खोटं आहे. डबा खोटा आहे. अहो, सांगा!"

साहेबाने विचारलं, "घर कोणाचं आहे हे?"

हे उभे राहिले. टोपी हातात घेतली. "म्हज्या चेडवाचें," म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. हे बोलत राहिले, मोडक्या आवाजात, आयुष्यात एवढं सलग कधी बोलले नसतील. संजना तिथल्या शाळेत आहे, तिथेच घर भाड्याने घेऊन राहते. निहार वास्कोला बंदरात कामाला. त्या दिवशी ती एकटी, दिवस भरायचे होते पण आधीच कळा सुरू झाल्या. अँब्युलन्स दुसरीकडे गेलेली. "तिचो फोन आयलो. ट्रक भरिल्लो आसलो, रितो करूंक वेळ नासलो. तसोच गेलों. शेजरची मालतीमावशी आसली, तिणें सगळें केलें. हांव दारांत उबो. चेडूं जालें. मागीर अँब्युलन्स आयली." मग म्हणाले, "सोवळें आसलें म्हजें. तरी चेडूं हातांत घेतलें."

म्हणून होमकुंडात उतरले नाहीत. बाळंतिणीच्या घरात शिरलेले, बाळाला शिवलेले. देवीला सांगितलं ते हे. मेथी, साडी, गुणगुणणं, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं.

साहेबाने पडद्यावरचा नकाशा बंद केला. मग म्हणाला, "सगुणबाब, जेटीवर तुमच्या मालाचा नमुना बरोबर आला होता, फक्त थांबलात का तेवढंच कळत नव्हतं. हे एक वाक्य पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर तिथेच मिटलं असतं. एवढे दिवस चोर म्हणवून घेतलंत. का?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग जमिनीकडे. "सायबा," म्हणाले, "घरा कळ्ळें आसतें."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ट्रकवाले, क्लार्क, इंजिनिअर, बाबली. बाबलीने मान दुसरीकडे फिरवली. तो हसला असता तर मला बरं वाटलं असतं.

निकाल असा की चोरीचा आरोप काढला. रस्ता सोडला ही चूक, म्हणून पावसापर्यंत ट्रक बंद. पावसानंतर नाव परत लिस्टीत. एवढं भांडून जे मिळवायचं होतं ते मिळालं.

घरी येताना राग एवढा की तोंड उघडलं असतं तर काय बाहेर आलं असतं मला सांगता येत नाही. पल्लवीला ठाऊक, निहारला ठाऊक, मेणकुऱ्याच्या शेजारणीला ठाऊक. मी आजी झाले हे मला खाणीच्या ऑफिसात, भिंतीवर नकाशा बघून कळलं. आणि हा माणूस! जगाने चोर म्हटलेलं ह्याला सोसलं, बायकोने विचारलेलं सोसलं नसतं. मी काय वाघीण आहे? मी काय खाऊन टाकणार होते त्याला?

शनिवार, १ जून

दिवसभर मेथीचे लाडू केले. कोणासाठी ते मी बोलले नाही आणि ह्यांनी विचारलं नाही. गूळ जरा जास्त झाला. डिंक तळताना ह्यांना एकच विचारलं, "काळं की गोरं?" म्हणाले, "तुजेसारकें." मी म्हटलं, म्हणजे काळंच. "नाकार राग आसा," म्हणाले आणि पळाले गोठ्यात.

रविवार, २ जून

ट्रकात बसून गेले. बस होती, पण मला तोच रस्ता बघायचा होता. वर चढताना ह्यांनी हात दिला, मी घेतला नाही, माझी मी चढले. लाडवांचा डबा मांडीवर. जेटीकडचा रस्ता सोडून गाडी वळली तेव्हा मला वाटलं, आत्ता कुठेतरी पडद्यावर आमचा ठिपका वळला असेल.

घर नकाशात दिसलं तसंच. कौलं, विहीर, काजू. मी मनात ठरवून गेले होते काय काय बोलायचं ते. अगदी पहिल्या सहीपासून.

संजना दारात आली. वाळलीय. डोक्याला फडकं बांधलेलं. "आई," म्हणाली, "बस. कदेलार बस."

"बसायला आले नाही," मी म्हटलं. आवाज चढलाच. "एकटी होतीस, जीव जायची वेळ, आणि फोन कोणाला? बापाला! भरलेला ट्रक घेऊन आला बाप, सोवळं मोडून, चोर म्हणवून घेतलं तुझ्यापायी! आई काय मेली होती? बाळंतपणाला बापाला बोलावतात? मला का नाही केलास फोन?"

हे विहिरीकडे सरकले. संजना माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही, चिडलीसुद्धा नाही. तेच मला सोसवेना.

"तुलाच केला होता," म्हणाली. "पहिला तुलाच. माझ्या नंबरवरून लागत नाही म्हणून मालतीमावशीच्या फोनवरून. दोनदा केला. दोन्ही वेळा तू कट केलास. मग बाबांना केला."

आतून बाळ रडलं. ती आत गेली.

मी अंगणात आले. पिशवीतून फोन काढला. जुने कॉल पुसायची सवय नाही मला, सगळं तसंच असतं. मागे मागे गेले, अकरा मेपर्यंत. तो नंबर होता. दुपारचा. दोनदा, एकाखाली एक. त्या वेळी माझे हात पुरणात होते. वर सूर्य होता, वादळ होतं, सगळ्या जगाचे सिग्नल तुटत होते. हा नाही तुटला. हा नीट माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आला, वाजला, आणि मी कापला.

आत गेले. बाळ माझ्या निळ्या साडीत गुंडाळलेलं. टोपी सैल, कान उघडे. मी म्हटलं, "असं बांधतात? सर्दी होईल पोरीला." संजनाने बाळ माझ्या हातात दिलं. नाकावर खरंच राग आहे. मी कान झाकले, गाठ नीट मारली. संजनाने डबा उघडून लाडू खाल्ला आणि म्हणाली, "गूळ जास्त झाला." मी म्हटलं, हो, झाला.

संध्याकाळी घरी आल्यावर तो नंबर 'मालती मेणकुरे' म्हणून ठेवला. संजनाचा बंद केलेला नंबर कसा मोकळा करतात ते मला येत नाही, ह्यांच्याकडून करून घेतला. बाळाला दूध पाजून झालं की फोन करते म्हणाली होती. रांधपाचे हात धुऊन, पुसून, फोन समोर घेऊन बसले आहे.